हाताची संवय आणि यंत्राची रीत



नारपोलींत वाढणाऱ्या मुलाला यंत्र म्हणजे काय हें केवळ पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. शाळेकडे येतांना यंत्रमागांचा खडखडाट त्याच्या कानांवर पडतच असतो. तुमच्यापैकीं पुष्कळांचे वडील, काका अथवा मामा त्याच मागांवर काम करितात. अशा एखाद्या शेडमध्यें क्षणभर उभे राहून पाहा. एकच कारागीर अनेक माग सांभाळीत असतो. कांडी संपली कीं माग थांबवावयाचा, धोट्यांत नवी कांडी घालावयाची, आणि हॅंडल ओढून माग पुन्हां चालू करावयाचा. हें करीत असतां त्याची दृष्टि हॅंडलावर नसते. ती धाग्याकडे आणि विणल्या जाणाऱ्या कापडाकडे असते. हॅंडल कोठें आहे हें त्याच्या डोळ्यांना नव्हे, तर हाताला ठाऊक असतें.

आतां अशी कल्पना करा कीं, एका कारागिराच्या मागणीवरून मालकानें एकाच मागाचें हॅंडल दुसऱ्या बाजूस बसविलें. तो मनुष्य संतुष्ट होईल. परंतु पाळी बदलतांच त्या मागावर दुसरा कारागीर येईल. धागा तुटलेला पाहून तो नेहमींच्या जागीं हात घालील, आणि तेथें हॅंडल नसेल. मागणी एकानें केली. तिची किंमत दुसऱ्यानें दिली.

तथापि ह्यावरून यंत्रांत बदल मुळींच करूं नये असा अर्थ काढणें हीहि चूक होईल. माग बनविणारे डाव्या हाताचे आणि उजव्या हाताचे असे दोन्ही प्रकारचे माग बनवितात. मागांच्या जोड्या मांडतांना कारागिराला सोयीचें पडावें म्हणून ही तजवीज आहे. म्हणजे जेथें गरज खरी असते, तेथें रीतच थोडी रुंद होते. मात्र ती विचारानें आणि सर्वांना कळेल अशा प्रकारें रुंद केलेली असते; एकाच्या लहरीनें नव्हे.

मागणी आणि रीत ह्या दोहोंना तराजूंत घालून तोलावें कसें, हाच आजच्या धड्याचा विषय होय. तुमच्यापैकीं कांहीं जण उद्यां संगणकाचे कार्यक्रम तयार करतील. उरलेले सर्वजण ते वापरतील. दोघांनाही हें तोलणें शिकल्यावांचून गत्यंतर नाहीं.

१. एका हिशेबाची हकीकत

आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें ओळखीच्या एका लहान कारखान्यासाठीं मजुरीचा हिशेब ठेवणारा संगणक-कार्यक्रम तयार केला. यंत्रमागावरील कारागिरास बहुधा महिन्याचा ठराविक पगार नसतो. जितके मीटर कापड विणावें तितकी मजुरी, असा हिशेब असतो. त्या कारखान्यांत एकेका कारागिराकडे चार माग होते. म्हणून पडद्यावर कारागिराचें नांव, तारीख, आणि चार मागांवरील कापडाचे मीटर लिहिण्यासाठीं चार चौकटी, अशी मांडणी त्यानें केली. एका चौकटींतून दुसरींत जावयाचें तर टॅब ही कळ दाबावी; एंटर दाबतांच नोंद जतन व्हावी. पुष्कळ कार्यक्रमांत हीच रीत असते, आणि तो तीच शिकला होता.

कारखान्याचे मुनीमजी वयस्क गृहस्थ. टॅलीवर हिशेब लिहिण्यांत त्यांचीं पुष्कळ वर्षें गेलेलीं होतीं. टॅलींत एक रकाना भरला कीं एंटर दाबून पुढें जावयाचें असतें. शिवाय अंक लिहितांना त्यांचा उजवा हात कळफलकाच्या उजव्या अंगास असलेल्या अंकांच्या कळांवर असे. एंटरची मोठी कळ तेथेंच कडेला; टॅब मात्र पार डाव्या टोकाला. त्यांनीं पहिल्याच दिवशीं सांगितलें, "बाळ, एंटर दाबल्यावर पुढच्या चौकटींत जाऊं दे." त्यानें नम्रपणें पण ठामपणें उत्तर दिलें, "मुनीमजी, सगळीकडे टॅबनेंच पुढें जातात. चार दिवसांत तुम्हांला संवय होईल."

संवय झाली नाहीं. पहिल्या मागाचे मीटर लिहून झाले कीं मुनीमजींचें बोट आपोआप एंटरवर जाई. एकाच मागाची नोंद जतन होई आणि पडदा कोरा होई. बहुधा तें त्यांच्या ध्यानांत येई, व ते ती नोंद पुन्हां उघडून पुरी करीत. परंतु घाईच्या वेळीं कांहीं नोंदी तशाच अर्धवट राहिल्या. पगाराच्या दिवशीं एक कारागीर आपली वही घेऊन मुनीमजींच्या पुढें उभा राहिला. त्याच्या वहींत चारही मागांचे मीटर रोजच्या रोज लिहिलेले होते. संगणकांत तीन दिवसांपुरते एकाच मागाचे होते. वही होती म्हणून त्याच्या घामाचा पैसा त्याला मिळाला. ज्यानें वही ठेविली नसती त्याचें काय झालें असतें?

लक्षांत घ्या कीं, ह्या हकीकतींत कोणीहि कपटी नव्हता. मुनीमजी आळशी नव्हते, मालक लबाड नव्हता, आणि कार्यक्रमांत गणिताची एकही चूक नव्हती. चूक होती ती एका हाताच्या संवयीची आणि एका कळेच्या अर्थाची गांठ न पडण्यांत.

तो विद्यार्थी खिन्न होऊन आमच्याकडे आला. "मी नियमाप्रमाणेंच केलें होतें," असें तो पुन्हां पुन्हां म्हणूं लागला. आम्ही त्यास म्हटलें, "मुनीमजींच्या शेजारीं एक तास बस. कांहीं बोलूं नकोस, कांहीं शिकवूं नकोस. केवळ त्यांच्या हातांकडे पाहा." तो तसा बसला, आणि जें त्याला पुस्तकांत दिसलें नव्हतें तें तेथें दिसलें. मुनीमजी नियम मोडा असें सांगतच नव्हते. तेहि नियमानेंच चालले होते. पण तो नियम त्यांच्या धंद्यांतला होता.

२. रीत कोणाची?

येथें एक महत्त्वाची गोष्ट शिकावयास मिळते. "सर्वत्र हीच रीत आहे" असें आपण म्हणतों, तेव्हां "सर्वत्र" म्हणजे कोठें हें विचारलें पाहिजे. एक साधें उदाहरण घ्या. हिशेबाच्या यंत्रावर, म्हणजे कॅल्क्युलेटरवर, पाहा: वरच्या ओळींत ७, ८, ९ असतात. आतां दूरध्वनीचे अंक पाहा: वरच्या ओळींत १, २, ३ असतात. अमेरिकेंत १९६३ सालीं बटणांचा दूरध्वनि लोकांच्या हातीं आला तो ह्याच मांडणीचा होता, आणि आज आपल्या खिशांतील मोबाईलवरहि क्रमांक लावतांना तीच मांडणी दिसते. दोन्ही रीति मानलेल्या आहेत व दोन्ही आपापल्या जागीं योग्य आहेत. मुनीम एकाच मिनिटांत दोन्ही वापरतो आणि चुकत नाहीं, कारण कोणतें यंत्र हातीं आहे हें त्याच्या हाताला ओळखूं येतें.

यास्तव कार्यक्रम करणाऱ्यानें प्रथम पाहावयाचें तें हें कीं, आपला कार्यक्रम वापरणारा मनुष्य दिवसभर दुसरें कोणतें यंत्र वापरतो. त्याचे हात ज्या शाळेंत शिकले तीच त्याची रीत होय.

आमच्या विद्यार्थ्यानें मग पुढीलप्रमाणें बदल केला. एंटर दाबल्यास पुढच्या चौकटींत जावें, चौथी चौकट भरल्यानंतरच "नोंद जतन करूं काय?" असें विचारलें जावें, एखादी चौकट रिकामी असेल तर ती लाल दिसावी. टॅब मात्र पूर्वीं जें करीत होता तेंच करीत राहिला. त्यामुळें टॅबची संवय असलेला तरुण लेखनिक आणि एंटरची संवय असलेले मुनीमजी ह्या दोघांचींही कामें सुरळीत चालूं लागलीं. एकाला दिलें, पण दुसऱ्याचें काढून घेतलें नाहीं.

३. सर्वच मागण्या सारख्या नसतात

ही मागणी मान्य झालेली पाहून मुनीमजींनीं आणखी दोन मागण्या केल्या. पहिली अशी: एस्केप ही कळ दाबली असतां अर्धवट नोंद नाहींशी होते, त्याऐवजीं ती जतन व्हावी. दुसरी अशी: नोंद पुसतांना "खरोखर पुसावयाची काय?" असा प्रश्न प्रत्येक वेळीं येतो, तो काढून टाकावा.

एस्केपचा अर्थ जवळजवळ सर्वत्र एकच मानला जातो: "हें नको, मागें फिरूं या." खुद्द टॅलींतहि तो तसाच आहे. मनुष्य घाबरला, गोंधळला, चुकला, म्हणजे त्याचा हात ह्याच कळेकडे जातो. तीच कळ जर चुकीची नोंद कायम करूं लागली, तर संकटांतून बाहेर पडण्याचा दरवाजाच बंद झाला. म्हणून ती मागणी त्यानें नाकारली. परंतु नाकारून तो स्वस्थ बसला नाहीं. मुनीमजींना एस्केपचा अर्थ बदलावयाचा नव्हता; त्यांना लिहिलेलें वायां जाऊं नये एवढेंच हवें होतें. तेव्हां त्यानें अशी सोय केली कीं, अर्धवट सोडलेली नोंद निराळ्या जागीं मसुदा म्हणून राहावी, आणि मजुरीच्या हिशेबांत ती धरली जाऊं नये. मागणी अमान्य झाली. गरज मान्य झाली.

दुसऱ्या मागणींत मुनीमजींचें म्हणणें खरें होतें. जो प्रश्न दिवसांतून पन्नास वेळां विचारला जातो त्याचें उत्तर मनुष्य न वाचतांच देतो. मग त्या प्रश्नाचा पहारा असून नसल्यासारखाच. परंतु नुसता प्रश्न काढला असता तर एका चुकीच्या बोटानें एखाद्या गरिबाची मजुरी पुसली गेली असती. म्हणून प्रश्न गेला, आणि त्याच्या जागीं पुसलेली नोंद परत आणण्याचा मार्ग आला. मनुष्य चुकणारच नाहीं असें धरून चालण्यापेक्षां चूक झाल्यावर ती सुधारतां यावी हें अधिक शहाणपणाचें आहे.

४. आपल्या अक्षरांची गोष्ट

आतां कोणी म्हणेल, "एका कारखान्याचा कार्यक्रम बदलणें सोपें आहे. पण जी रीत कोट्यवधि लोकांची झाली, तिच्याविरुद्ध मागणी आली तर?" ह्याचें उत्तम उदाहरण दूर शोधावयास नको. तें आपल्या मराठी अक्षरांतच आहे.

टंकयंत्रावर मराठी लिहिणारा "किरण" हा शब्द लिहितांना ऱ्हस्व वेलांटी प्रथम उमटवीत असे आणि "क" मागाहून. कारण कागदावर वेलांटी आधीं दिसते. शासनमान्य टंकलेखन परीक्षांत मिनिटास तीस किंवा चाळीस शब्दांची गति साधण्यासाठीं हजारों मुलामुलींनीं हाच क्रम बोटांत मुरविला. पुढें संगणक आला. भारतीय भाषांसाठीं इन्स्क्रिप्ट नांवाचा कळफलक ठरविण्यांत आला. १९९१ सालीं भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३१९४ ह्या प्रमाणकांत भारतीय लिप्यांसाठीं एक सामाईक संकेत निश्चित झाला. पुण्याच्या सी-डॅक ह्या संस्थेनें ह्या तंत्राचा प्रसार केला. ह्या नव्या पद्धतींत क्रम उच्चाराचा ठरला: प्रथम "क", नंतर वेलांटी.

टंकलेखकांची तक्रार साहजिक होती. वर्षानुवर्षें कमावलेली गति एका दिवसांत मातीमोल होत होती, आणि त्या गतीवर त्यांचें पोट होतें. मग त्यांच्या म्हणण्याप्रमाणें वेलांटी आधीं कां साठविली नाहीं? कारण असें कीं, अक्षरें साठविण्याचा क्रम हा केवळ एका टंकलेखकाचा प्रश्न नव्हता. शब्द शोधणें, नांवांची वर्णानुक्रमें यादी करणें, एका लिपींतील मजकूर दुसरींत नेणें, हीं सर्व कामें त्या क्रमावर अवलंबून असतात. इन्स्क्रिप्टवर ज्या कळेनें मराठींत "क" उमटतो त्याच कळेनें गुजराथींत, बंगालींत आणि तामिळींतहि त्या त्या लिपीचा "क" उमटतो. कोणी वेलांटी आधीं आणि कोणी मागाहून साठविली असती, तर डोळ्यांना सारखे दिसणारे दोन "किरण" संगणकाला निरनिराळे वाटले असते. एक शोधतांना दुसरा सांपडलाच नसता.

म्हणून पाया बदलला गेला नाहीं. परंतु पायावर दुसरा जिना बांधण्यांत आला. टंकयंत्राच्या क्रमानें कळा दाबल्या तरी आंतल्या आंत अक्षरांचा क्रम योग्य लावून देणारीं साधनें तयार झालीं. टंकलेखकाचा हात जुन्याच वाटेनें चालला. साठवण मात्र सर्वांशीं जुळती राहिली.

ह्याच्या अगदीं उलट प्रयोगहि आपल्या देशांत होऊन गेला. १९५३ सालीं लखनौ येथें भरलेल्या लिपिसुधार परिषदेनें यंत्राच्या सोयीसाठीं ऱ्हस्व वेलांटीच अक्षराच्या उजवीकडे लिहावी असें सुचविलें. युक्ति तर्कशुद्ध होती. परंतु पिढ्यान् पिढ्या वाचणाऱ्यांच्या डोळ्यांना ती मानवली नाहीं, आणि कांहीं वर्षांतच ती सूचना मागें घ्यावी लागली. यंत्रासाठीं मनुष्याची संवय मोडण्यापेक्षां मनुष्यासाठीं यंत्राला थोडें कष्टविणें बरें, हाच त्याचा बोध.

मराठी लोकांच्या इतर मागण्यांचें काय झालें तेंहि पाहण्यासारखें आहे. जगांतील लिप्यांना एकेका अक्षरामागें क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धति १९९१ पासून प्रसिद्ध होऊं लागली. तिचा एक कडक नियम आहे: एकदां दिलेला क्रमांक काढून घ्यावयाचा नाहीं वा दुसऱ्या अक्षरास द्यावयाचा नाहीं. तींत "ऍ" हें अक्षर होतें. पण मराठी मनुष्य "ॲ" असें लिहितो, आणि तें स्वतंत्र अक्षर तींत नव्हतें. जुनें अक्षर बदलणें नियमानें शक्य नव्हतें. पण नव्यानें भर घालण्यास हरकत नव्हती. त्याप्रमाणें २००८ सालीं "ॲ" ला स्वतःचा क्रमांक मिळाला. ६ नोव्हेंबर २००९ च्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानें मराठी वर्णमालेंतहि "ॲ" व "ऑ" ह्यांना स्थान दिलें.

तसेंच "आचार्यांना" आणि "आचाऱ्यांना" हे दोन शब्द घ्या. पहिले विद्वान गुरु, दुसरे स्वयंपाक करणारे. "र" चा रफार आणि मराठीची विशिष्ट अर्धा "ऱ" ह्यांतील भेद गेला तर गुरूंस देण्याचें निमंत्रण स्वयंपाक्यांस जाईल! येथें अर्थच बदलतो. म्हणून हा भेद राखण्याची तजवीज युनिकोडच्या नियमांतच करण्यांत आली आहे. परंतु मराठी वळणाचे "ल" आणि "श" हिंदी वळणाहून निराळे दिसतात, त्यांना मात्र निराळे क्रमांक दिले गेले नाहींत. वळण बदललें तरी अर्थ बदलत नाहीं. तेव्हां तें काम अक्षरांचे साचे, म्हणजे फॉंट, करणाऱ्यांकडे राहिलें.

चार मागण्या, चार निरनिराळीं उत्तरें. एका मागणीसाठीं वरून जिना बांधला गेला, दुसरीसाठीं नवी भर घातली, तिसरीसाठीं नियमांतच सोय केली, आणि चौथी बाह्य रूपावर सोंपविली. परंतु चौघींतहि एक गोष्ट समान आहे: पूर्वीं लिहून ठेविलेलें कोणाचेंहि अक्षर बिघडलें नाहीं.

५. तोलण्याचे प्रश्न

ह्या सर्वांचें सार आम्ही पांच प्रश्नांत सांगतों. कोणतीहि मागणी पुढें आली असतां ते क्रमानें स्वतःस विचारावे.

पहिला: मागणी करणाऱ्याच्या शब्दांमागें खरी गरज कोणती आहे? दुसरा: जी रीत आपण सांभाळीत आहों ती कोणाची? आपल्या पुस्तकाची कीं वापरणाऱ्याच्या हाताची? तिसरा: मागणी मान्य केल्यास तिची किंमत कोण देणार? जो मागतो तोच, कीं पाळी बदलल्यावर येणारा दुसरा? चौथा: जुनें न मोडतां नवें जोडून भागेल काय? पांचवा: चूक झालीच तर परत फिरण्याची वाट शिल्लक राहते काय?

जो केवळ मागणीकडे पाहतो, त्याचा कार्यक्रम शंभर तोंडांच्या शंभर इच्छांनीं विस्कटून जातो. जो केवळ नियमाकडे पाहतो, त्याचा नियम पाळला जातो आणि कारागिराची मजुरी बुडते. दोन्ही पारडीं डोळ्यांपुढें ठेवील तोच खरा हिशेबी.

पालकबंधुभगिनींनो, आपणांसहि एक विनंति आहे. मोबाईलवर अथवा बॅंकेंतील यंत्रापुढें अडखळल्यास "आम्हांला कांहीं कळत नाहीं" असें म्हणून खालीं मान घालूं नका. कोठें हात अडला हें आपल्या मुलांना स्पष्ट सांगा. कदाचित् चूक आपली नसेल. आणि मुलांनो, आईवडील असें सांगूं लागतील तेव्हां हंसूं नका. त्यांच्या हातांना जें ठाऊक आहे तें पुष्कळ वर्षांच्या श्रमांनीं मिळालेलें आहे. त्या कारागिराची वही आठवा: संगणक चुकला तेव्हां त्याच्या हातच्या अक्षरांनींच त्याला न्याय मिळवून दिला.

अभ्यासासाठीं प्रश्न

(१) तुमच्या घरांतील कोणत्याहि दोन यंत्रांत एकाच कामासाठीं निरनिराळी रीत आहे काय, तें पाहून लिहा.

(२) मुनीमजींच्या तीन मागण्यांपैकीं एस्केपची मागणी कां नाकारली? त्यांची गरज कशी भागविली?

(३) "ॲ" ला नवा क्रमांक मिळाला, पण मराठी वळणाच्या "ल" ला मिळाला नाहीं; ह्याचें कारण स्वतःच्या शब्दांत सांगा.

(४) घरांतील वडील मनुष्याजवळ अर्धा तास बसून त्यांचा हात मोबाईलवर कोठें अडतो तें नुसतें पाहा. त्यांना कांहीं शिकविण्यापूर्वीं तें टिपून ठेवा, आणि त्यावर पांचही प्रश्न लावून पाहा.